पिवळा रंग सगळ्यात शेवटी : गावाचं उपनगर होताना घरांसाठीची जमीन कशी ठरवावी

विकास आराखड्याचा मसुदा गावात लागला की काय होतं, ते एकदा बघण्यासारखं असतं. शाळेच्या हॉलमध्ये भिंतभर नकाशा डकवलेला, त्याच्यापुढे पाच-पन्नास माणसं, आणि प्रत्येकाचं बोट एकच गोष्ट शोधत असतं : आपला गट नंबर. सापडला की पुढचा प्रश्न, ‘यलोमध्ये आहे का ग्रीनमध्ये?’ पिवळा म्हणजे घरं बांधता येणारा रहिवास विभाग, हिरवा म्हणजे शेती किंवा मोकळी ठेवायची जमीन. पिवळ्यात असेल तर चेहरा खुलतो, हिरव्यात असेल तर पडतो, आणि वर शाळा-बागेसाठीच्या आरक्षणाची रेघ असेल तर माणूस तिथेच फोन काढून वकिलाला लावतो. अख्ख्या गावाचा नकाशा एका दमात बघणारा माणूस मला वर्षातून एखादाच भेटतो.

हा लेख तशा माणसांसाठी आहे. तुम्ही नगररचनेत नवे लागला असाल, सोसायटीच्या कमिटीवर आला असाल, किंवा गाव महापालिकेत गेल्यावर ‘आता आपलं काय होणार’ असं वाटणारे माजी ग्रामपंचायत सदस्य असाल, तरी चालेल. वीस वर्षांनी इथे किती माणसं राहतील आणि त्यांच्या घरांना किती नि कुठली जमीन लागेल, हे ठरवायची रीत सांगतो. उदाहरणं बहुतेक पुण्याच्या आजूबाजूची आहेत, कारण माझी पायपीट तिथलीच.

पायरी पहिली : सही कोणाची, ते आधी बघा

कामाला लागण्यापूर्वी तुमच्या गावाचं ‘नियोजन प्राधिकरण’ कोण हे लेखी शोधा. हे वाटतं तितकं सोपं नाही. पुणे महापालिकेत २०१७ साली ११ गावं आली, ३० जून २०२१ला आणखी २३ आली. वाघोली, मांजरी बुद्रुक, सूस, म्हाळुंगे, नऱ्हे, पिसोळी ही त्या दुसऱ्या खेपेतली. पण या २३ गावांच्या नियोजनाचा अधिकार शासनाने पीएमआरडीएकडे, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे ठेवला. म्हणजे कचरा आणि घरपट्टी एकाकडे, बांधकामाची परवानगी दुसरीकडे. पीएमआरडीएने २०२१ साली सगळ्या क्षेत्राचा प्रारूप आराखडा प्रसिद्ध केला, त्यावर हजारोंनी हरकती आल्या, सुनावण्या झाल्या, आणि २०२५ साली शासनाने तो आराखडाच रद्द केला. फुरसुंगी आणि उरुळी देवाची तर महापालिकेत येऊन पुन्हा बाहेर पडली आणि त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. तेव्हा कुणी तुमच्यापुढे ‘डीपीची’, म्हणजे विकास आराखड्याची, रंगीत झेरॉक्स नाचवली तर पहिला प्रश्न विचारा : कुठला डीपी, कुठल्या सालचा, आणि मंजूर का प्रारूप? जमिनीचे दलाल प्रारूप नकाशावर सर्रास व्यवहार करतात.

कायदा एकच आहे, महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६. त्यात तीन थर आहेत. प्रादेशिक योजना तालुक्या-जिल्ह्याच्या पातळीवर ढोबळ पट्टे पाडते. विकास आराखडा शहराचा किंवा प्राधिकरण क्षेत्राचा, साधारण वीस वर्षांचा. आणि नगररचना योजना, जिला सगळे ‘टीपी स्कीम’ म्हणतात, ती एखाद्या शिवारापुरती, भूखंडाच्या पातळीवर. तुमच्या गावाला यातलं काय लागू आहे ते झोन दाखल्यावर आणि भाग नकाशावर कळतं. दोन्ही नगररचना कार्यालयात फी भरून मिळतात.

पायरी दुसरी : नकाशे जमवा, आणि पायानं तपासा

चार गोष्टी लागतात. भूमी अभिलेखकडचा गाव नकाशा आणि गट नकाशा. सात-बारा आणि आठ-अ, सगळ्या गावाचे नकोत, पण मोठ्या नि सरकारी गटांचे हवेतच. गायरान कुठे आहे ते तिथे कळतं. सर्व्हे ऑफ इंडियाची टोपोशीट, म्हणजे चढउतार आणि ओढे दाखवणारा नकाशा, शक्य तितकी जुनी. आणि उपग्रहाची जुनी-नवी चित्रं. संगणकावरच्या गूगल अर्थमध्ये मागच्या वर्षांची चित्रं फुकट बघता येतात, त्यासाठी कुणाला पैसे मोजू नका.

टोपोशीट जुनी का? कारण ओढे. गावात प्लॉटिंग पडायच्या आधी पाणी कुठून वाहत होतं ते निळ्या बारीक रेघांनी तिच्यावर काढलेलं असतं. गट नकाशावर तीच रेघ कधी कधी दोन गटांमधला बांध म्हणून दिसते, नाहीतर दिसतच नाही.

इथे माझी स्वतःची फजिती सांगतो. पहिल्याच कामात मी एका शिवारात एप्रिल महिन्यात फिरलो. दोन बांधांच्या मधून एक खोलगट वाट जात होती, बैलगाडीच्या चाकोऱ्या पडलेल्या, मधे गवत. मी वहीत लिहिलं ‘पाणंद, रुंदी सहा मीटर’, नकाशावर तपकिरी रंगवली, आणि वरिष्ठांनी त्यावरून बारा मीटरचा रस्ता ओढला. जुलैत पुन्हा गेलो तर माझ्या पाणंदीतून मांडीभर पाणी चाललेलं. शेजारच्या वस्तीवरच्या आजी हसून म्हणाल्या, ‘उन्हाळ्यात वाट, पावसाळ्यात ओढा. ह्ये कागुदावर कसं दाखवनार तुमी?’ तेव्हापासून एक नियम केला : पाहणी दोनदा, एकदा उन्हात आणि एकदा चिखलात. दुसऱ्या फेरीला वेळ नसेल तर निदान गावातल्या सत्तरीच्या पुढच्या दोन माणसांना नकाशा दाखवायचा. पाणी कुठवर चढलं होतं ते त्यांना वर्षासकट आठवतं.

या पाहणीला कायद्यात ‘विद्यमान जमीन वापर नकाशा’ म्हणतात, आणि आराखडा करण्यापूर्वी तो करावाच लागतो. सात-बारावर ‘जिरायत’ आणि जमिनीवर चार मजले, हे चित्र तुम्हाला हमखास दिसेल. जे दिसतं ते लिहा, अधिकृत-अनधिकृत हा निवाडा इथे करत बसू नका. गुंठा-गुंठा पाडून विकलेल्या जागा वेगळ्या खुणेने दाखवा, कारण तिथे पुढे रस्ता रुंद करणं, शाळेला जागा काढणं जवळजवळ अशक्य असतं. गुंठेवारी नियमित करायचा कायदा २००१ चा आहे, त्याची मुदत नंतर २०२० अखेरपर्यंतच्या बांधकामांना वाढवली गेली. घर कागदावर नियमित होतं. पण गल्ली दहा फुटांची होती ती दहा फुटांचीच राहते, अग्निशमनचा बंब आत येत नाही.

पायरी तिसरी : जिथे बांधायचं नाही ती जमीन आधी रंगवा

नवखा माणूस पहिला हात पिवळ्या पेन्सिलीला घालतो. आमच्याकडे शिकाऊ मुलांची ती पेन्सिल आम्ही काढूनच घेतो. आधी निळा, मग हिरवा, मग काळा.

निळा म्हणजे नदी, ओढे, तळी, विहिरी. नदीला पाटबंधारे खात्याच्या दोन रेषा असतात : निळी, जी साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, आणि लाल, १०० वर्षांतून एकदाच्या पुराची. निळ्या रेषेच्या आत घरं नाहीत. ओढ्यांना मात्र बहुतेक ठिकाणी अशी आखलेली रेषा नसते, आणि खरा घात तिथे होतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला तेव्हा नदी शांत होती. पुण्यात आणि आसपास वीसहून अधिक माणसं गेली ती ओढ्या-नाल्यांच्या पाण्यात. कात्रजच्या डोंगरावरून येणारं पाणी मधल्या वाटेत भिंती, भराव आणि अरुंद पूल गाठत खाली आलं. म्हणून नियमात किमान जेवढं अंतर सोडायला सांगितलंय तेवढ्यावर थांबू नका. आजीबाईंनी दाखवलेल्या खुणेपर्यंत निळा भरा.

हिरवा म्हणजे डोंगर. १:५ किंवा त्याहून तीव्र उतारावर बांधकाम करता येत नाही. म्हणजे पाच मीटर आडवं गेल्यावर एक मीटर चढ. टोपोशीटच्या समोच्चरेषांवरून, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेघांवरून, हे घरबसल्या मोजता येतं. उतार वाचवायचे ते शोभेसाठीच नाही : वरचा उतार फोडला की माती खालच्या ओढ्यात येते आणि निळा पट्टा आणखी रुंद होतो.

काळा म्हणजे उच्चदाब वाहिन्यांखालचे पट्टे, संरक्षण खात्याच्या हद्दीलगतचे निर्बंध, विमानतळाच्या उंचीच्या मर्यादा. लोहगाव, खडकवासला या भागांत हे हमखास येतं. ‘ना हरकत’ कुणाकडून लागते त्याची यादी करून ठेवा, बास.

पायरी चौथी : माणसं मोजा

जनगणना २०११ ची. २०२१ची झालीच नाही आणि पुढची २०२७ला ठरलेली आहे. उपनगरात पंधरा-सोळा वर्षांपूर्वीचा आकडा वापरणं म्हणजे मुलाच्या पहिलीच्या मापाने कॉलेजचा शर्ट शिवणं. मग काय वापरायचं? घरगुती वीज मीटर. मतदारयाद्यांपेक्षा ते बरे, कारण भाडेकरू मतदार नसतो पण दिवा लावतो.

एक मनाने रचलेलं गाव घेऊ, आकडे हिशेबाला सोपे जावेत म्हणून. क्षेत्र १,००० हेक्टर, घरगुती मीटर १३,०००. संध्याकाळी साडेसातला चार-पाच सोसायट्यांसमोर उभं राहून अंधाऱ्या खिडक्या मोजल्या. सहात एक घर बंद निघालं, गुंतवणुकीचं. राहतं घर उरलं सुमारे १०,८००. घरटी ३.७ माणसं धरली की आजची लोकसंख्या ४०,०००. वर्षाला साडेपाच टक्क्यांनी वाढ धरली तर वीस वर्षांत जवळजवळ तिप्पट, म्हणजे १ लाख २० हजार. नवी माणसं ८०,०००. चारच्या कुटुंबाने २०,००० घरं.

वाढीचा दर कुठून आणायचा? एकच आकडा घेऊ नका. जवळ आयटी पार्क किंवा एमआयडीसी येणार असेल, मेट्रोचं स्थानक पडणार असेल तर एक. काहीच न आलं तर दुसरा. दोन्ही लिहून ठेवा आणि पाच वर्षांनी मीटर पुन्हा मोजा.

पायरी पाचवी : हेक्टरचा हिशेब

आता तीनशे रुपयांच्या कॅल्क्युलेटरवर सगळा आराखडा बसतो, बघा. नव्या वस्तीत हेक्टरी २०० माणसं अशी ढोबळ घनता धरा. या हेक्टरात रस्ते, बागा, शाळा सगळं आलं. ८०,००० भागिले २००, म्हणजे ४०० हेक्टर.

या ४०० चं पोट फोडून बघू. माणशी १० चौरस मीटर मोकळी जागा हा केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांतला आकडा. त्याचे झाले ८० हेक्टर. रस्त्यांना पाचवा हिस्सा, आणखी ८०. प्राथमिक शाळा ५,००० माणसांमागे एक, तिला ०.४ हेक्टर : सोळा शाळा, साडेसहा हेक्टर. दवाखाना, मंडई, माध्यमिक शाळा, सांडपाणी प्रकल्प, स्मशानभूमी, बस डेपो धरून एकूण ४० म्हणू. उरले २०० हेक्टर, २०,००० घरांसाठी. एका घरामागे १०० चौरस मीटर, म्हणजे आपल्या बोलीत एक गुंठा.

हा एक गुंठा लक्षात ठेवा, पुढे भांडताना उपयोगी येतो. एफएसआय म्हणजे भूखंडाच्या क्षेत्राच्या किती पट बांधकाम करता येतं तो आकडा. नुसता १.१० एफएसआय लावला तरी या गुंठ्यावर ११० चौरस मीटर बांधकाम बसतं. मध्यमवर्गी टू-बीएचके त्याहून लहान असतो. म्हणजे ‘घरांसाठी जमीन पुरत नाही, सगळं शिवार पिवळं करा’ हे म्हणणं हिशेबात टिकत नाही. जमीन पुरते, तिथे रस्ता आणि पाणी नसतं, ही अडचण आहे.

आपल्या गावात बांधता न येणारी जमीन अशी : डोंगर १४०, ओढे नि काठ ६०, महामार्ग आणि वीजवाहिन्या ४०, आधीच बांधलेली २१०. एकूण ४५०. उरली ५५०. गरज ४००. मग १५० हेक्टरचं काय? ती शेतीच राहू द्या. प्रत्यक्षात तसं होत नाही. सगळीच ५५० पिवळी होते, कारण हिरवा पट्टा म्हणजे शिक्षा असं वाटतं, आणि शेजाऱ्याचा पिवळा झाला तर आपला का नाही हा रास्त राग असतो. परिणाम असा की तीच २०,००० घरं ५५० हेक्टरभर विखुरतात : इथे एक बारा मजली इमारत, मग ज्वारी, मग भंगारचं गोडाऊन, मग रो-हाउसेस. जलवाहिनी मात्र सगळीकडे न्यावी लागते. बस कुठल्याच टोकाला पुरेशी भरत नाही.

पायरी सहावी : पाणी, आणि ते नसेल तर थांबा

माणशी रोज १३५ लिटर. १,२०,००० माणसांना १ कोटी ६२ लाख लिटर, म्हणजे १६.२ एमएलडी (दिवसाला दशलक्ष लिटर). आकडा डोळ्यासमोर येत नसेल तर १०,००० लिटरच्या टँकरमध्ये मोजा : दिवसाला १,६२० टँकर. यातलं ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर येणार, जवळपास १३ एमएलडी. ते कुठे जाणार? प्रकल्प नसेल तर त्याच ओढ्यात, ज्याच्या काठावर पुढे विहीर आहे.

नांदेड आणि किरकटवाडी ही २०२१ साली आत आलेली गावं. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या या पट्ट्यात जीबीएस (गियाँ-बारे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले तेव्हा संशय पिण्याच्या पाण्यावर गेला. घरं आणि माणसं आधी आली, जलशुद्धीकरण मागे राहिलं, ही सगळ्याच कडेच्या गावांची गोष्ट आहे. वाघोली, उंड्री-पिसोळीकडे सोसायटीच्या मासिक देखभाल खर्चात टँकरची ओळ किती मोठी असते ते तिथल्या कुठल्याही खजिनदाराला विचारा.

म्हणून पाणीपुरवठा विभागाला लेखी विचारा : मंजूर कोटा किती, टाकी कुठे, मुख्य वाहिनी कुठल्या साली. उत्तर ‘प्रस्तावित’ असेल तर त्या भागातला पिवळा रंग फिका ठेवा, म्हणजे दुसऱ्या टप्प्यात टाका. ‘बिल्डरने हमीपत्र दिलंय’ हे पाणी नव्हे.

पायरी सातवी : रस्ते, पण पाणंदीवरून

गावाला मुळात सांगाडा असतो. शिवरस्ते, पाणंदी, वहिवाटीच्या वाटा. नवे रस्ते शक्यतो त्यांच्यावरूनच रुंद करत न्या, कारण तिथे दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्यांची थोडी-थोडी जमीन जाते, एकाच्या रानाचे दोन तुकडे होत नाहीत. टेबलावर पट्टी ठेवून ओढलेला सरळ रस्ता दिसायला देखणा. त्याच्या वाटेत येणाऱ्या तीन-चार कुटुंबांनी कोर्टात धाव घेतली की पंधरा वर्षं तो शेतातच थांबतो.

रुंदीत कंजुषी नको. २०२०च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत एफएसआय रस्त्याच्या रुंदीला बांधलेला आहे : महापालिका हद्दीत ९ मीटरहून अरुंद रस्त्यावर १.१०च्या वर जाता येत नाही, ३० मीटर आणि पुढे तो प्रीमियम (शुल्क भरून मिळणारा) आणि टीडीआर (आरक्षणाला जमीन दिल्याबद्दल मिळणारा, दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क) घालून ३ पर्यंत चढतो. त्यामुळे तुम्ही ओढलेली रेघ म्हणजे कुणाच्या तरी इमारतीची उंची असते, आणि दबाव येतो तो इथेच. कुठला रस्ता अचानक १२ वरून १८ झाला हे मसुद्याच्या दोन आवृत्त्या शेजारी ठेवून बघायची सवय लावा.

पायरी आठवी : शाळेची जागा कोणाच्या रानातून?

सगळ्यात कठीण भाग हा, आणि सगळ्यात कमी बोलला जाणारा. नकाशावर शाळेचा चौकोन काढायला अर्धा मिनिट लागतो. पण तो चौकोन ज्याच्या सव्वा एकरावर पडतो त्याची लेक लग्नाची असते, भाऊबंदकीत वाटणी व्हायची असते, आणि त्याच दिवसापासून त्या जमिनीला गिऱ्हाईक मिळत नाही. शेजारच्या पिवळ्या एकराला मात्र सोन्याचा भाव. दोघांच्या जमिनीत काल काही फरक नव्हता.

काही गोष्टी हाताशी ठेवा. आधी गायरान आणि इतर सरकारी जमीन बघा. मग मोठे गट. दोन एकरांच्या आतल्या खातेदारावर संपूर्ण आरक्षण टाकू नका, टाकावंच लागलं तर चार-पाच जणांच्या कडेकडेने घ्या. आणि त्या माणसाला त्याचे हक्क सांगा. जमीन दिली तर रोख मोबदल्याऐवजी टीडीआर घेता येतो, मोकळ्या वस्तीत साधारण दुप्पट. आराखडा लागू होऊन १० वर्षांत जमीन घेतली नाही तर कलम १२७ ची नोटीस देता येते, आणि पुढच्या २४ महिन्यांत संपादनाचं पाऊल पडलं नाही तर आरक्षण आपोआप रद्द होतं. ही तारीख खातेदाराला वकील आठवण करून देतो. प्राधिकरणाला कुणीच देत नाही. म्हणून गावच्या आरक्षणांची एक यादी करा : गट नंबर, कशासाठी, दहा वर्षं कधी भरतात. खेळाचं मैदान कधी आणि कसं गेलं याचा शोध घ्यायची वेळ येत नाही.

यापेक्षा सरळ मार्ग म्हणजे टीपी स्कीम. मुंबई इलाख्यात तिचा कायदा १९१५ सालचा, म्हणजे ही नवी गुजराती कल्पना नव्हे. सगळ्या खातेदारांची जमीन एकत्र धरायची, रस्ते-शाळा-बागा काढायच्या, आणि उरलेली प्रत्येकाला त्याच्या प्रमाणात चौकोनी, रस्त्यावरचा भूखंड म्हणून परत द्यायची. पीएमआरडीएने म्हाळुंगे-माण इथे हे हाती घेतलं. पनवेलकडे नैनात, म्हणजे नवी मुंबई विमानतळाभोवतीच्या सिडकोच्या नियोजन क्षेत्रात, ४० टक्के भूखंड परत आणि त्यावर अडीच एफएसआय असं सूत्र आहे. साठ टक्के गेले म्हणून तिथे विरोधही झाला. ‘चाळीसच टक्के का?’ हा प्रश्न विचारायलाच हवा. रस्ते नि बागांना किती, गरिबांच्या घरांना किती आणि प्राधिकरणाने विकायला किती ठेवले, याचा तक्ता मागा. हडपसरला मगरपट्ट्यात शेतकऱ्यांनी हेच वेगळ्या वाटेने केलं : सव्वाशेच्या आसपास कुटुंबं, सुमारे ४०० एकर, आणि जमिनीच्या प्रमाणात कंपनीत हिस्सा. पण तिथे बहुतेक एकमेकांचे भावकीतले, आणि पुढारीपण करणाऱ्यावर विश्वास होता. तुमच्या गावात तेवढा विश्वास आहे का, ते तुम्हालाच ठाऊक.

घर कोणासाठी, हेही इथेच बघा. आराखडा इमारती मोजतो, पण मोलकरीण, रखवालदार, डिलिव्हरीवाला यांना मोजत नाही. ते मग ओढ्याकाठी पत्र्याची खोली शोधतात, आणि तुमचा निळा पट्टा भरतो. दहा लाखांवर लोकसंख्येच्या शहरांत ४,००० चौरस मीटरहून मोठ्या भूखंडाला २० टक्के लहान घरांची अट आहे. जुन्या गावठाणाच्या कडेची जागा, जिथून चालत कामावर जाता येतं, ती लहान घरांना राखा.

पायरी नववी : हरकत लिहिणं

मसुदा राजपत्रात आणि वर्तमानपत्रांत प्रसिद्ध झाला की हरकती-सूचनांची मुदत सुरू होते, सहसा तीस दिवस; जाहिरातीत छापलेली तारीखच प्रमाण माना. महापालिकेच्या आराखड्यावर सुनावणी नियोजन समिती घेते. तिच्यात स्थायी समितीचे तीन सदस्य आणि जास्तीत जास्त चार तज्ज्ञ असतात. शेवटची मंजुरी शासनाची.

‘आमच्यावर अन्याय झाला आहे, तरी विचार व्हावा’ अशा मजकुराची हजारो पत्रं येतात आणि एकाच गठ्ठ्यात जातात. हरकत अशी लिहा :

‘गट क्र. अमुकच्या पश्चिम हद्दीने वाहणारा ओढा प्रारूप नकाशावर दाखवलेला नाही. सोबत टोपोशीटची प्रत, जुलै महिन्यातली तीन छायाचित्रं आणि गाव नकाशाचा उतारा जोडला आहे. सदर पट्टा रहिवास विभागातून वगळून ओढा म्हणून दाखवावा. त्यापोटी कमी होणारं क्षेत्र गट क्र. तमुकच्या १८ मीटर रस्त्यालगतच्या जागेत भरून निघतं.’

गट नंबर, चूक, पुरावा, मागणी, आणि पर्याय. शेवटचं महत्त्वाचं, कारण समितीपुढे ‘इथे नको’ म्हणणारे शेकडो असतात, ‘तिथे करा’ म्हणणारे थोडे. एका कागदावर एकच मुद्दा. दहा मुद्दे असतील तर दहा अर्ज द्या, म्हणजे दहा क्रमांक पडतात आणि प्रत्येकावर निर्णय लिहावा लागतो. पोच घ्या, तिच्यावर आवक क्रमांक आणि शिक्का आहे ना ते टेबल सोडण्यापूर्वी बघा. मी एकदा नुसती सही घेऊन आलो, आणि सुनावणीच्या यादीत नावच नव्हतं.

सुनावणीला दोन-तीन मिनिटं मिळतात. भाषण तयार करू नका. नकाशाची मोठी प्रत न्या, तुमचा गट लाल पेनाने आधीच गोल करून ठेवा, आणि टेबलावर ठेवताना उत्तर दिशा समितीच्या बाजूला वर येईल अशी ठेवा. नाहीतर पहिला मिनिट कागद फिरवण्यात जातो. शक्य असेल तर आजींना सोबत न्या.